पहिलं नाव तुझं घालू का?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मधेच ठेवला तो रागाने नाही. शेजारी बाबा होते, त्यांच्यासमोर बोलणं नको वाटलं. तू म्हणालीस, "मॅनियात, म्हणजे उन्मादात असलेला पेशंट आला की त्याचं अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह कोण वाचत बसतं? आमचे सरही म्हणतात, हे परदेशातून उचललेलं आहे, इथे सगळं नातेवाईकच ठरवतात." तेव्हापासून एकच मनात घोळतंय, आजारात कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला माझा तसा कागद तरी तू वाचशील ना?

तुझी बाजू कळते मला. दारापर्यंत ओपीडीची रांग, त्यात कुणी "कुठलंच औषध नको" असं लिहून ठेवलं तर काय करायचं, ही भीती खोटी नाही. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तातडीच्या उपचाराला हा कागद आड येत नाही. एरवी डॉक्टरला पटला नाही तर त्याने त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करायचा, परस्पर बाजूला सारायचा नाही. कागदाप्रमाणे वागून काही अनपेक्षित झालं तर डॉक्टरवर दोष येत नाही, हेही त्यातच लिहिलंय. कित्येक ठिकाणी मंडळंच वेळेवर नेमली नाहीत, खरंय. म्हणून कागद उघडायचाच नाही?

बघ, एमडी करणाऱ्या मुलीला कायदा शिकवायला बसले. राहू दे. जेवतेस ना वेळेवर?

आबांच्या वर्षश्राद्धानंतर मला इस्पितळात नेलं तेव्हा तू सातवीत होतीस. सुती पट्टीने मनगटं पलंगाला बांधली. इंजेक्शन कसलं ते कुणी सांगितलं नाही. रात्री मान एका बाजूला ओढली गेली, जीभ वळेना, आणि सिस्टर म्हणाली, नाटक करतेय. तो त्या इंजेक्शनचाच परिणाम होता हे फार उशिरा कळलं. घरी आल्यावर वहिनी चहातून गोळी द्यायच्या. ते समजल्यावर कुणाच्याच हातचा चहा घशाखाली उतरेना. तू आलं किसून पहिल्यांदा चहा केलास, तोही मी मोरीत ओतला. तू दारात उभी राहून बघत होतीस.

म्हणून कागदात लिहिलंय, मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालतं, रक्त तपासून द्या. ते इंजेक्शन नको, दुसरं द्या. खाण्यापिण्यातून लपवून काही देऊ नका. बांधण्याआधी नंदामावशीला बोलवा, तिचं मी ऐकते. दाखल करायला माझी ना नाही. यातलं डॉक्टरला अडचणीचं काय आहे, सांग. हे मी डोकं शांत असताना लिहिलंय. आजारात याच्या उलट बोलले तर हे लिहिणारी आई खरी धर.

तू सायकियाट्री घेतलीस तेव्हा घरात कुणी पेढ्यांचं नाव काढलं नाही. मी गल्लीभर वाटले. अजूनही सांगताना ऊर भरून येतो. पण ड्यूट्या करून करून तुझेही कान बंद होतील, याचं भय वाटतं. लागलं असेल तर माफ कर, तुला दुखवायचं नव्हतं.

नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मला ठरवता येत नसेल तेव्हा माझ्या बाजूने बोलणारी व्यक्ती, म्हणून दुसरं नाव नंदामावशीचं घातलंय. पहिलं तुझं घालायचं मनात आहे, पण त्याला तुझी लेखी संमती लागते. मुलगी म्हणून दे, डॉक्टर म्हणून नको. हो की नाही ते कळव. नाही म्हणालीस तरी दिवाळीला ये, बाबा वाट बघतात.

तुझी,
आई