कन्याकुमारीची तिकिटे काढली आहेत

पुणे, ९ डिसेंबर

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की इकडे सगळे ठीक आहे, मुलांच्या परीक्षा सुरू आहेत आणि कोणाचीही तब्येत बिघडलेली नाही. फोन असताना पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बाबा "बघू" म्हणतात, आई फोन दादाच्या हातात देते आणि मग बोलणे हरभऱ्याच्या घाट्यांवर आणि अळीवर जाते. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आधी माझी चूक सांगते. नोव्हेंबरात ऑफिसच्या कामाला तिरुवनंतपुरमला गेले होते तेव्हा एका दुपारी बाबांचा फोन आला आणि मी मीटिंगमध्ये असल्याचे सांगून तो ठेवला. बाबा, मी मीटिंगमध्ये नव्हते. काम एक दिवस आधी संपले होते आणि मी कन्याकुमारीला, विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणाऱ्या बोटीत, गळ्यात नारिंगी जॅकेट अडकवून बसले होते. तुम्ही पन्नास-साठ वर्षे ज्या खडकाचे नाव घेत आलात, तो तुमच्या आधी मी पाहावा, तेही ऑफिसच्या खर्चाने काढलेल्या तिकिटावरून वाट वाकडी करून, हे मला फोनवर सांगवले नाही. परत आल्यावरही तीन आठवडे सांगवले नाही.

त्या अपराधापोटी म्हणा किंवा शहाणपणाने म्हणा, मी एक गोष्ट करून टाकली आहे. महाशिवरात्र झाल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघे माझ्याबरोबर कन्याकुमारीला येणार आहात. हैदराबादहून तिरुवनंतपुरमची विमानाची तिकिटे काढली आहेत, खोली ठरवली आहे, दादा-वहिनींशी बोलले आहे आणि तोवर हरभरा निघालेला असेल हेही दादाकडून वदवून घेतले आहे. पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा नको म्हणण्याचा काही उपयोग नाही.

विमान कशाला, रेल्वे आहे ना, असे बाबा म्हणणार. रेल्वेचाही विचार मी पुरता केला. सोलापूरला जाऊन गाडी धरायची म्हणजे आधी उदगीर ते सोलापूर, पुढे दीड दिवस बसून-झोपून प्रवास, रात्री-अपरात्री हलत्या डब्यात गुडघे वाकवून जायचे, आणि आईने पाणी प्यायचेच नाही, कारण पाणी प्यायले की उठावे लागते. काकांच्या लग्नाच्या वेळी तिने काय केले होते ते मला आठवते. हैदराबाद आपल्याला परके नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलो तोच रस्ता, तीच बिदरची चहाची टपरी. मे महिन्यात जे झाले ते झाल्यावर डॉक्टरांना मी स्वतः भेटून विचारले आहे आणि विमानाला त्यांची हरकत नाही. विमानतळावर चाकांची खुर्ची सांगितली आहे, ती पाहून रुसू नका. ती गुडघ्यांसाठी नाही, खुर्ची असली की तपासणीच्या लांब रांगेत उभे राहावे लागत नाही, म्हणून मागवली आहे. माझाही वेळ वाचेल.

फेब्रुवारीच का, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे शबरीमलेच्या यात्रेकरूंची गर्दी असते. काळे कपडे घातलेली, गळ्यात माळा असलेली माणसे बसच्या बस भरून उतरतात, देवीच्या दर्शनाला रांग, बोटीला रांग, चहाला रांग. मी गेले तेव्हा वर परतीचा पाऊस होता. बाबांना चैत्री पौर्णिमा हवी असणार, कारण त्या संध्याकाळी तिथे सूर्य मावळताना आणि चंद्र उगवताना एकाच वेळी दिसतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. पण एप्रिलमधला तिकडचा उकाडा आपल्याकडच्या उन्हासारखा नाही. आपले ऊन भाजते, पण सावलीत बसले की सुटका होते. तिथे सावलीतही अंग चिकचिकते आणि घाम वाळतच नाही. तेव्हा चैत्री पौर्णिमेचा हट्ट धरू नका.

राहण्याची जागा मी आत जाऊन पाहून आले आहे. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे आणि वीज गेली तरी ती चालते. संडास खुर्चीचा आहे, शेजारी धरायला कडी आहे. आई, गोडे पाणी चोवीस तास आहे. मी मुद्दाम नळ बराच वेळ सोडून पाहिला आणि मग तुझी आठवण होऊन घाईने बंद केला. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ साली, आपल्याकडेही टँकरची वाट पाहत असताना, तू तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालायचीस, ते माझ्या हाताच्या सवयीत अजून आहे. खिडकी समुद्राकडे आहे. पलंगावर उशीला टेकून बसले की समोर शिलास्मारक, त्याच्या शेजारच्या खडकावर तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा, चबुतऱ्यासकट १३३ फुटांचा पुतळा आणि दोहोंना जोडणारा, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला काचेचा पूल, असे सगळे एका चौकटीत दिसते. बाबा, १३३ फूट का, ते विचारून मुलांची परीक्षा घ्या: त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३ आहेत, आणि चबुतरा ३८ फुटांचा, कारण धर्मावरचे अध्याय ३८.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी खाणावळी पुष्कळ आहेत. सकाळी इडली मिळेल, ती बाबांना पचेल. दुपारचा भात कुठे कुठे जाडा आणि तांबूस असतो, तो आईला आवडणार नाही. भाकरी मिळणार नाही, हे आताच सांगून ठेवते. दोन दिवस पुरतील एवढे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दही तिथे मिळते. पण आई, पिठाचा डबा, तवा आणि येसराची पुरचुंडी घेऊन निघायचे नाही. नांदेडच्या वेळेसारखे करू नकोस.

आता बाजाराविषयी लिहिते, कारण आईचा निम्मा वेळ तिथेच जाणार आहे. देवळापासून संगमाच्या घाटापर्यंत आणि बोटीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानेच दुकाने आहेत. शिंपल्यांच्या चौकटीचे आरसे, शिंपल्यांचे दिवे, पडदे, मोत्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या माळा, ताडाचा गूळ, समोर कढईत पडणारे केळ्याचे काप आणि त्या सगळ्यावर खोबरेल तेलाचा वास. दुकानदारांना हिंदी येते आणि आपण मराठी बोललो तर "या, या, बघा" एवढे मराठीही येते. एक मुलगा शिंपल्यावर नावे कोरून देत होता. मी आधी तुमची दोघांची नावे सांगितली आणि मग लाज वाटून नको म्हटले. स्वतः हजर नसलेल्या माणसांची नावे तिथे कोरून आणणे मला बरे वाटले नाही.

आई, तुझ्या देवघरासाठी शंख घ्यायचा आहे हे मला माहीत आहे. तो आपण घेऊ, पण माझे ऐकून. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला "दक्षिणावर्ती आहे, लक्ष्मी येते" म्हणून एक शंख दाखवतो. आपल्या समुद्रातला खरा दक्षिणावर्ती शंख अतिशय दुर्मीळ आहे. त्या नावाने जे खपवतात ते बहुतेक वेळा अमेरिकेच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या वेगळ्याच गोगलगाईचे कवच असते, जे स्वभावतःच उलट्या बाजूला उघडते. लक्ष्मी इतक्या लांबून दोनशे रुपयांत येत नाही. साधा, नेहमीचा, वाजणारा शंख घे. दुकानदाराला आधी वाजवून दाखवायला सांग, मग कडेला चिरा आहेत का ते बोट फिरवून पाहा. प्रवाळाचे तुकडे कितीही सुंदर दिसले तरी हातात घेऊ नकोस. प्रवाळाची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि काही शंख-शिंपल्यांचीही. विमानतळावर पिशवी उघडली तर म्हातारी बाई म्हणून कोणी सोडणार नाही. भाव करायला तुला मी शिकवायला नको. उदगीरच्या आठवडी बाजारात तू कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोनदा निघून जाऊन परत येतेस, तसेच इथे कर, फक्त या गल्लीत फार लांब जाऊ नकोस, कारण सगळी दुकाने सारखी दिसतात आणि तुझा फोन नेहमी पिशवीच्या तळाशी असतो.

रंगीत वाळूच्या पुड्याही मिळतात. देवीचे लग्न शुचींद्रमच्या शंकराशी ठरले होते, नारदाने कोंबड्याचा आवाज काढला, पहाट झाली असे वाटून नवरदेव अर्ध्या वाटेवरून परतला आणि लग्नाच्या जेवणाचे धान्य किनाऱ्यावर तसेच राहून त्याची वाळू झाली, अशी तिथली कथा आहे. आई हे ऐकून हळहळेल. बाबा म्हणतील, तांबडे कण गार्नेट या खनिजाचे, काळे इल्मेनाइटचे, आणि जवळच मणवाळकुरिचीला या वाळूतून थोरियमसाठी मोनाझाइट हे खनिज वेगळे काढतात. दोघांनीही आपापले म्हणणे मांडावे, पण देवळाच्या दारात भांडू नये. बाबा, देवळात पुरुषांना सदरा काढून जावे लागते. छातीवरच्या त्या खुणेकडे तिथे कोणी पाहत नाही, सगळे देवीच्या नथीकडे पाहत असतात. तिच्या हिऱ्याचा प्रकाश दीपगृहाचा समजून जहाजे खडकावर यायची असे सांगतात, म्हणून पूर्वेचे दार वर्षातले काही ठरावीक दिवस सोडले तर बंदच ठेवतात.

बाबा, तुमच्या वर्गातला तो कापडी नकाशा मला तिथे सारखा आठवत होता. गुंडाळून ठेवताना खालची काठी नेहमी एकाच ठिकाणी आपटायची आणि भारताचे खालचे टोक झिजून पांढरे झाले होते. तुम्ही छडी त्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवायचात आणि म्हणायचात, "मुख्य भूमीचे टोक. देशाचे म्हणाल तर अर्धा गुण कापीन, ते निकोबारातले इंदिरा पॉइंट." मी त्या ठिपक्यावर उभी होते. तीन बाजूंना पाणी होते आणि मला सहावीतल्यासारखे वाटले की आता मागून तुमचा आवाज येईल.

आता ते, जे मी इतका वेळ पुढे ढकलते आहे. बाबा, या वेळी तुम्ही शिलेवर जायचे नाही, असे मी ठरवले आहे.

रागावू नका, आधी पूर्ण वाचा. किनाऱ्यापासून खडक जेमतेम अर्धा किलोमीटर आहे आणि बोट काही मिनिटांत पोहोचते, पण त्या काही मिनिटांसाठी मी जवळजवळ दोन तास रांगेत उभी होते, तेही अशा अरुंद मार्गिकेत की मध्येच बसावेसे वाटले तर बसता येत नाही. धक्क्याला लागलेली बोट लाटेबरोबर वर-खाली होते आणि ती वर आलेल्या क्षणी दंडाला धरून माणसाला पलीकडे घेतात. माझ्यासारखीचाही पाय चुकला. पुढे स्मारकापर्यंत पायऱ्या आहेत. समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात, आणि २००४ च्या त्सुनामीत खडकावर अडकलेल्या माणसांची बातमी पाहून आई दोन दिवस नीट जेवली नव्हती, ते मी विसरलेले नाही. तुम्ही पलीकडे गेलात तर ती अलीकडे काय करील, याचाही विचार करा.

मला माहीत आहे की त्या रुपयाची गोष्ट आहे. मी ती इथे लिहून काढत नाही. ती तुम्ही सांगावी आणि आजोबांच्या आवाजात सांगावी, तशीच ती बरी. एकनाथजी रानड्यांनी देशभरातून एकेक रुपया गोळा केला आणि १९७० साली स्मारक उभे राहिले, हे आत लिहिलेले वाचताना मला कापसाच्या गाडीचे ते वर्ष आठवले आणि माझ्या शेजारची बाई मला "बरे वाटत नाही का" म्हणून विचारू लागली. विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात तीन दिवस जिथे बसले, तिथे खाली शांत खोलीत मी तुमच्या नावाने थोडा वेळ बसले. त्याने तुमचे जाणे झाले असे मी म्हणत नाही.

पण किनाऱ्यावरून ते फार जवळ दिसते, बाबा. गांधी मंडपाच्या बाजूला बसायला जागा आहे. १९४८ मध्ये समुद्रात विसर्जित करण्यापूर्वी गांधीजींच्या अस्थींचा कलश जिथे ठेवला होता तेच ते ठिकाण. पहाटे साडेपाचला मी तुम्हाला दोघांना तिथे नेईन, थर्मासमधून चहा देईन, आणि सूर्य त्या बाजूने वर येईल. माणसे ओरडतात, मोबाइल उंच धरतात, फुगेवाले मध्ये येतात, त्याकडे लक्ष द्यायचे नाही.

आता सूचना. गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या, आठच लागणार असल्या तरी. शहाळे आईने दिवसाला अर्धेच प्यायचे, उरलेले मी पिईन. सुती कपडे घ्या, लोकरीचे काही नको, कानटोपी तर मुळीच नको. चपला पट्ट्याच्या हव्यात, घाटाच्या दगडांवर शेवाळ असते. वाटेत बाबांनी ड्रायव्हरशी राजकारण बोलायचे नाही. तिरुवनंतपुरम ते कन्याकुमारी नव्वद किलोमीटरच आहे, पण तीन तास लागतात, कारण एक गाव कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते तेच कळत नाही. मोकळे रान दिसत नाही म्हणून आई कंटाळेल, तिला खिडकीजवळ बसवा.

आणि बाबा, ती रुपयाची पावती पोथीतच राहू द्या. खाऱ्या हवेत कागद मऊ पडतो आणि घडीवर तो आधीच विरला आहे. पण आणणारच असाल, आणि तुम्ही आणणारच, तर खिशात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या गोळ्यांच्या डब्यात तळाशी ठेवा. तो डबा ती कुठेही विसरत नाही.

तुमची,
धाकटी