शेंगदाणा निर्यात : कागदांची सुरुवात वाळवणापासून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि बचत गटांनी भाजलेले, खारे, मसाला लावलेले शेंगदाणे थेट परदेशी पाठवावेत, असा सल्ला हल्ली बऱ्याच मेळाव्यांत दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण 'आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा क्रमांक) काढा, अपेडाकडे (कृषिमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेकडे) नोंदणी करा' एवढ्यावर तो थांबतो, आणि माल अडतो तो त्यापुढच्या गोष्टींवर. त्यांची नीट माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून हे पत्र.

आयईसी ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन त्यातील माहिती कायम करावी लागते, काहीही बदललेले नसले तरी. ते राहिले की क्रमांक निष्क्रिय होतो आणि हे कळते थेट शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे द्यायचा निर्यातीचा कागद) भरताना. जीएसटीच्या एलयूटीचेही (आधी कर न भरता माल पाठवण्यासाठी द्यायच्या हमीपत्राचेही) तसेच. ते एका आर्थिक वर्षापुरतेच असते. एप्रिलमध्ये नवे भरले नाही तर आयजीएसटी हा कर भरून माल पाठवावा लागतो आणि परतावा येईपर्यंत खेळते भांडवल अडकते. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हेही माल निघण्याच्या बरेच आधी पाहावे.

एचएस कोडबाबत, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाबाबत, फार घोळ होतो. सोललेला कच्चा दाणा १२०२ मध्ये येतो, भाजलेला-खारवलेला २००८ ११ मध्ये. कच्च्या दाण्याला वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फायटो, लागते. भाजलेल्याला बहुतेक ठिकाणी लागत नाही. तरी खरेदीदाराच्या देशाचा नियम त्याच्याकडूनच लेखी मागवून घ्यावा. इन्व्हॉइसवर एक कोड आणि प्रमाणपत्रावर दुसरा, अशी फाइल पुढे सरकत नाही. रोडटेपचा (निर्यात मालावर आधी बसलेले कर-शुल्क परत देणाऱ्या सरकारी योजनेचा) लाभ घ्यायचा असेल तर शिपिंग बिलातच त्या मालापुढे तसे घोषित करावे लागते. हे काम कस्टम्स ब्रोकरवर सोडून न देता बिलाचा मसुदा स्वतः वाचावा.

आता मुख्य अडचण : अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीमुळे दाण्यात तयार होणारे विष. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आणि त्यातला बी-१ हा प्रकार २ मायक्रोग्रॅम, एवढीच मुभा आहे. अमेरिकेत कारवाईची पातळी किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. हे विष ज्या बुरशीमुळे तयार होते ती शेतात, खळ्यावर आणि गोदामात वाढते. भाजल्याने ते थोडे कमी होते, जात नाही. दाण्यातील ओलावा ७ ते ८ टक्क्यांच्या वर राहिला की पुढे कितीही चांगले यंत्र लावले तरी धोका कायम. सर्वांत घातक सवय म्हणजे शेंगा फोडण्याआधी त्यांवर पाणी मारणे. दाणा फुटू नये म्हणून ते मारतात, वजनही थोडे वाढते. पण तोच ओला दाणा पोत्यात भरून थप्पीला लागतो आणि थप्पीच्या मधल्या पोत्यांत बुरशी धरते. खरेदीच्या वेळी प्रत्येक पोत्याचा ओलावा मापकावर पाहून वहीत लिहिला, तर पुढच्या कागदांना काही अर्थ.

'आम्ही तपासणी केली होती, अहवाल चांगला होता, तरी तिकडे माल नापास झाला' ही तक्रार नेहमी ऐकू येते. कारण सरळ आहे. हे विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांमधील एखाद-दुसऱ्यातच भरपूर असते. वरच्या पोत्यातून ओंजळभर दाणे काढून प्रयोगशाळेत दिले, तर अहवाल त्या ओंजळीचा येतो, लॉटचा, म्हणजे एकत्र पाठवायच्या सगळ्या मालाचा, नव्हे. युरोपच्या पद्धतीत १५ टनांच्या पुढच्या लॉटमधून १०० ठिकाणांहून थोडे थोडे घेऊन २० किलोचा नमुना करतात. आपल्याकडेही नमुना तसाच घ्यावा. त्याआधी साल काढून रंगाने प्रतवारी करणाऱ्या यंत्रातून माल काढावा. डागी, सुरकुतलेले दाणे बाजूला गेले की आकडा खाली येतो.

युरोपला जाणाऱ्या शेंगदाण्यासोबत तपासणीचा निकाल आणि अधिकृत प्रमाणपत्र लागते. अपेडाच्या पीनट-नेट या ऑनलाइन प्रणालीत प्रक्रिया केंद्राची नोंदणी, नमुना, अहवाल, कंटेनर भरणी हे सारे एकाच साखळीत येते. प्रमाणपत्र दिल्यापासून ४ महिने चालते, पण अहवालाच्या तारखेपासून ६ महिन्यांपलीकडे नाही. खरेदीदार लांबला म्हणून माल गोदामात पडून राहिला, तर ही मुदत निघून जाते. शिवाय त्या खेपेचा ओळख क्रमांक प्रत्येक पोत्यावर हवा आणि तो अहवालाशी, प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. लहान पाकिटे असतील तर ती ज्या खोक्यात भरली त्यावर. अहवालात बॅच 'एसपी-०७/ए' आणि खोक्यावर 'एसपी ०७ ए' असा फरकसुद्धा अडवणुकीला पुरतो. कंपनीचे नाव आणि पत्ता सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये असावा, हेही त्यातच आले.

मसाला शेंगदाण्यात लेबलची जबाबदारी वाढते. तयार मसाला वापरत असाल तर पुरवठादाराकडून त्यातील प्रत्येक घटकाची यादी घ्या. युरोपात मोहरी ही अॅलर्जीकारक घटकांच्या यादीत आहे, अमेरिकेत ती नाही. तीळ दोन्हीकडे आहे, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून. त्यामुळे एकच लेबल दोन्ही बाजारांना चालत नाही. अमेरिकेसाठी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, कारखान्याची नोंदणी लागते. ती मोफत आहे, सम वर्षांत ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिचे नूतनीकरण करायचे असते आणि एफडीए कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. तरीही छापील 'एफडीए सर्टिफिकेट' पैसे घेऊन विकणारे मध्यस्थ आहेत. नवख्या उद्योजकांनी त्यांच्यापासून सावध राहावे. समुद्रमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या मालाची पूर्वसूचना एफडीएला तो तिथल्या बंदरात पोहोचण्याच्या किमान ८ तास आधी द्यावी लागते.

कंटेनर भरताना लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का तपासावा. फरशी, छत, कोपरे कोरडे आहेत का ते हात लावून पाहावे आणि आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्यात. गरम हवेत भरलेला कंटेनर थंड प्रदेशात गेला की छताला पाणी सुटते आणि वरची खोकी भिजतात.

आमची मागणी मोठी नाही. कृषी पणन मंडळ आणि कृषी विभाग निर्यातीची प्रशिक्षणे घेतात. त्यांत प्रत्येक सहभागीकडून एका काल्पनिक खेपेची पूर्ण फाइल भरून घ्यावी : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचा मसुदा, अहवाल, लेबल. मग ती बंदरावर काम केलेल्या माणसाने तपासून चुका दाखवाव्यात. आणि शेंगदाणा पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात काढणीच्या हंगामात तपासून प्रमाणित केलेले ओलावामापक भाड्याने मिळावेत. काढणीआधी एवढे झाले तर याच हंगामापासून फरक दिसेल.

– शेंगदाणा प्रक्रिया आणि निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक