‘घरच्यासारखी’ असली तरी मजुरी ठरवून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरकामाच्या बायकांच्या पगाराबद्दल आपल्या वाचकांची पत्रं मी इथे इस्राएलमधल्या अश्दोद शहरात मोबाइलवर वाचते. मी अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, १९७८ साली लग्न होऊन इकडे आले. ‘आमच्या मावशी घरच्याच आहेत, पैशाचं आमच्यात कधी बोलणंच होत नाही,’ असं पुष्कळ जण कौतुकाने लिहितात. ते वाचलं की मला तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला लाबान आठवतो.

याकोब या लाबानमामाकडे आसऱ्याला आला. महिना झाल्यावर मामा म्हणाला, ‘तू माझा नातलग, म्हणून काय फुकट राबशील? तुझी मजुरी तूच सांग.’ किती गोड बोलणं! याकोबाने मामाच्या धाकट्या मुलीसाठी, राहेलसाठी, ७ वर्षं चाकरी कबूल केली, आणि लग्नानंतर सकाळी बघतो तर शेजारी थोरली लेआ. मग राहेलसाठी आणखी ७ वर्षं, कळपासाठी ६. वीस वर्षांनी तो सासऱ्याला तोंडावर सांगतो: दिवसा उन्हाने होरपळलो, रात्री थंडीने काकडलो, डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तुम्ही माझी मजुरी दहा वेळा बदललीत.

मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात योहानान बेन मात्या या धर्मपंडितांची गोष्ट आहे. त्यांनी मुलाला मजूर ठरवायला पाठवलं. मुलगा ‘जेवण देऊ’ एवढंच कबूल करून आला. वडील म्हणाले, ‘बाळा, शलमोन राजासारखी मेजवानी घातलीस तरी तुझा शब्द पुरा होणार नाही, ही अब्राहाम, इसहाक, याकोबाची लेकरं आहेत. कामाला हात लावायच्या आत जा आणि सांग, भाकरी आणि कडधान्य मिळेल.’ दुसरे पंडित शिमोन बेन गम्लिएल यांचं मत वेगळं होतं. एवढंही सांगायला नको, गावचा रिवाज असेल तसं द्यावं, असं ते म्हणत. मला योहानान पटतात. रिवाज कुठला, हे शेवटी मालकच ठरवतो.

हे मला पाठ होतं, तरी मी चुकले. माझे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना सांभाळायला कोकणातली एक मुलगी आहे. शनिवार तिच्या सुट्टीचा, पण त्यांची तब्येत बिघडली तेव्हा ओळीने चार शनिवार ती थांबली. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आम्ही पैशाचं बोलत नाही. आमच्या वाडवडिलांना कोकणात शनवार तेली म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच. पण रविवार उजाडला, सोमवार गेला, तरी मी बोलले नाही. ‘तू मला लेकीसारखी’ एवढं मात्र म्हणत राहिले. एका रात्री पाणी प्यायला उठले, तर ती अंधारात आईशी फोनवर हिशेब करत होती: ‘शनिवारचे धरू नकोस, मावशी काही बोलल्या नाहीत.’

तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे, मजूर आपला असो की परदेशी, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि तिच्यावर त्याचा जीव लागलेला असतो. मूळ हिब्रूतही शब्द ‘नेफेश’च आहे, म्हणजे जीव.

सकाळी मी चारही शनिवारचे पैसे तिच्या हातात ठेवले. पुढच्या शनिवारी थांबावं लागलं तर किती द्यायचे, तेही तिला विचारून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. आकडा तिनेच सांगितला. तो मी मनात धरला होता त्यापेक्षा जास्त होता, आणि मी तोच लिहिला.

आपली,
एक वाचक, अश्दोद (इस्राएल)