सुन्या, तात्यांचं एक विचारायचंय

सुन्या,

फोनच केला असता, पण तू हां हां करत लॅपटॉपमध्ये बघत बसतोस, म्हणून लिहितोय. इकडं सगळे बरे. माझी शुगर आहे तिथंच, आईचे गुडघे पण.

तर यंदा मंडळाचा सजीव देखावा मी लिहितोय, लकव्यावर. आढ्याला दरवर्षीसारखा शिवरायांचा प्रसंग पाहिजे होता, दाढी धुवून वाळत घातली होती त्यानं. काल तालमीत बंड्यानं तोंड वाकडं केलं, हातातला कप सोडला आणि पोरं हसून लोळली. मी पण हसलो असतो, पण पुढं त्यानं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, वर बोटं एकेक सरळ केली. तात्या रे! कुणी शिकवलं नव्हतं त्याला, लहानपणी तुमच्या कट्ट्यावर बघितलेलं असणार.

आता घोळ असा, की हसवलं नाही तर गर्दी थांबत नाही, आणि नुसतं हसून पुढं गेली तर कशाला एवढा खटाटोप. सल्ले तर विचारूच नको, १८४३ ला सीतास्वयंवर झाल्यापासून सांगलीत प्रत्येकाला नाटकातलं कळतं.

मग सुचलं. शेवटी निवेदक म्हणणार, हसा, दोन्ही हात वर करा आणि मोरया म्हणा. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली आला नाहीतर मोरया धड म्हणता येईना, तर तडक १०८ ला फोन. एवीतेवी गणपतीपुढं माणूस हेच करतो की! आढ्या म्हणतो देवाच्या नावात आजार घुसवू नको. तुझ्या लग्नातल्या जिलबीनंतर एवढं पहिल्यांदाच वाजलं आमचं.

पण खरं अडलंय ते तात्यांपाशी. डॉक्टर सांगत होते, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तास मोजायचे माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथनं. त्याआधी स्कॅन, कारण मेंदूत रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. आणि तात्यांना घेऊन मामा दुपारपर्यंत कबुतराचं रक्त चोळणाऱ्याच्या दारात. काकू चहा पाजतायत, तात्यांना ठसका लागतोय, बघे म्हणतायत अजून दोन घोट द्या. गिळता येत नसलं तर तो चहा फुफ्फुसात जातो, हे कुणाला माहीत होतं?

मला हा प्रसंग पाहिजे, कबुतरासकट. नाव घेणार नाही, पण काकू पहिल्याच दिवशी पुढं खुर्ची टाकून बसतात, त्यांना कळणारच. मामा तर आरतीला असतात. तू काकूंशी बोल, माझं धाडस होत नाही. नको म्हणाल्या तर चहा काढतो, पण कबुतरावरनं भांडू नकोस, लोकं अजून जातायत तिकडं.

नवीन ऑफिस कसंय? पोरगी चालायला लागली का? वहिनींना नमस्कार सांग.

शनिवारच्या आत कळव, बंड्याला पाठांतराला वेळ लागतो.

पक्या