डुकरांच्या तापाचे निदान दारातच व्हावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘आफ्रिकन स्वाइन फीव्हर’ची बातमी छापून आली की माणसे ‘स्वाइन फ्लू’ची चौकशी करू लागतात. हे दोन निराळे आजार असून आफ्रिकन तापाचा विषाणू माणसाला बाधत नाही, एवढे सांगून मुद्द्याकडे वळतो.

हा रोग भारतात प्रथम 2020मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला आणि त्याचे निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत झाले. ‘क्लासिकल स्वाइन फीव्हर’ या दुसऱ्या तापावर आपल्याकडे लस आहे, आफ्रिकन तापावर नाही. मात्र चढा ताप, कानांवर व पोटावर जांभळट चट्टे आणि झपाट्याने होणारी मरतूक ही लक्षणे दोहोंत सारखीच असल्याने नुसते बघून कोणता ताप आहे ते ठरवता येत नाही. पशुवैद्यक म्हणून नोकरी केलेल्या मला हे कबूल करण्यात संकोच वाटत नाही.

नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंतचे दिवस सर्वांत घातक. डुकरे मरणार असे दिसताच मालक उरलेली मिळेल त्या भावाला विकून टाकतो, आणि रोग टेम्पोत बसून पुढच्या गावी जातो. त्याला दोष कसा द्यावा? पशुवैद्यक दारात उभा असतानाच उत्तर मिळाले, तर ही वेळ येणार नाही.

ते आता शक्य आहे. पीसीआर या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जनुकीय चाचणीच्या यंत्राला तापमान सतत वरखाली करावे लागते, तर जपानी संशोधकांनी 2000मध्ये मांडलेल्या ‘लॅम्प’ पद्धतीत 60 ते 65 अंशांच्या एकाच तापमानावर विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तासाभरात तयार होतात. त्यासाठी नळ्या गरम ठेवणारा छोटा ठोकळा पुरतो आणि निकाल नळीतल्या रंगावरून कळतो. आफ्रिकन तापाच्या विषाणूची जनुके डीएनएची असतात; क्लासिकल तापाचा विषाणू आरएनएचा असल्याने तिथे आरएनएचे डीएनए करणारे एक जादा विकर (एन्झाइम) लागते, इतकेच.

अर्थात ही चाचणी कमालीची संवेदनशील आहे. वापरलेली नळी तिथेच उघडली, तर तिच्यातला अंश पुढच्या नमुन्यात मिसळून निरोगी जनावरही बाधित ठरू शकते. म्हणून जागेवरच्या निकालावर फक्त जनावरांची ने-आण थांबवावी. कत्तलीचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच व्हावा.

मुंबई परिसरात हॉटेलांतले खरकटे डुकरांना घालण्याची पद्धत आहे, आणि हा विषाणू नीट न शिजलेल्या मांसात दीर्घकाळ टिकतो. देवनारच्या कत्तलखान्यात येणाऱ्या डुकरांवर पशुसंवर्धन विभाग व महापालिकेने परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या मदतीने ही चाचणी पीसीआरच्या जोडीने काही महिने करून पाहावी. त्याच वेळी बाधित डुकरांची भरपाई किती व किती दिवसांत मिळेल, हेही डुकरे पाळणाऱ्यांना लेखी कळवावे. नाहीतर नमुना द्यायला कोणी दार उघडणार नाही.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, मुंबई