आयुक्तसाहेब, ‘बंद’चा रकाना कुठे आहे?

मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका,
इंद्रभुवन, सोलापूर.

सविनय नमस्कार.

मी पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिला. पाळी सुटली की त्या पाळीचं रजिस्टर माझ्या टेबलावर यायचं. माग नंबर, कामगाराचं नाव, डिझाइन, किती नग निघाले, हे सगळं त्यात असायचं. पण मालक आल्या आल्या बोट ठेवायचे ते शेवटच्या रकान्यावर. त्या रकान्याचं नाव ‘बंद’. कुठला माग किती तास बंद राहिला आणि कशामुळे. सूत नाही. लाईट नाही. बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) संपला. माणूस आला नाही. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, दुसऱ्या मागावर अडकला. चालू मागांबद्दल ते क्वचितच विचारत. “चालू असल्याचा आवाज मला येतोय की. बंद काय ते सांगा,” म्हणायचे.

हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे. महापालिकेच्या सभेपुढे येणाऱ्या कागदातही तो असावा, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या शहरात मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, आपण मतदान केलं. मधली जवळजवळ चार वर्षं महापालिकेचा कारभार थांबला नव्हता, घंटागाडी येत होती, पट्टीची बिलं येत होती. पण विषय पाठवणारी खुर्ची एकच आणि त्याला मंजुरी देणारी खुर्चीही तीच. मी कुणा एका अधिकाऱ्याला बोल लावत नाही, कायद्यानेच ती सोय केली होती. तरीही हिशेबनीस म्हणून सांगतो, ज्याने वही लिहिली त्यानेच तपासली तर वही चुकीचीच असते असं नाही, पण तिच्यात ‘बंद’चा रकाना हळूहळू रिकामा राहू लागतो. विचारणारं कुणी नसलं की लिहिणाऱ्याची सवय मोडते.

आता विचारणारे आले आहेत. सव्वीस प्रभागांतून एकशे दोन जण. महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे दर महिन्याला, २० तारखेच्या आत, सर्वसाधारण सभा व्हायला हवी. त्या सभेत आपल्याला नगरसेवकाइतकंच बसता येतं आणि बोलता येतं. मत देता येत नाही, ठराव मांडता येत नाही. म्हणजे साहेब, त्या सभागृहात आपल्या हातात एकच हत्यार आहे, माहिती. ते आपण म्यानातून पूर्ण काढावं एवढीच माझी विनंती.

सध्या एखाद्या कामाचं काय झालं असं विचारलं तर सरकारी उत्तराचा साचा ठरलेला असतो. ‘काम प्रगतीपथावर आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रस्ताव शासनस्तरावर प्रलंबित आहे’. यातलं एकही वाक्य खोटं नसतं, पण त्यांतून काही कळतही नाही. आमच्या कारखान्यात जॉबरने ‘माग प्रगतीपथावर आहे’ असं सांगितलं असतं तर मालकांनी त्यालाच पथावर आणला असता.

पाण्याचंच घ्या. सोलापुरात दुसऱ्या कशाचं आधी घेणार?

आपलं पाणी तीन ठिकाणांहून येतं. उजनी धरणातून थेट वाहिनीने, भीमेवरच्या टाकळीहून, आणि हिप्परग्याच्या तलावातून. टाकळीच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडायचं, ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचायची वाट बघायची, आणि वाटेत उन्हाने आणि पाणी उपसणाऱ्या मोटारींनी किती प्यायलं याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही, हे आमच्या पिढीने दर उन्हाळ्यात पाहिलं. म्हणून समांतर जलवाहिनी हवी होती. उजनी ते सोलापूर सुमारे ११० किलोमीटर, रोज १७० दशलक्ष लिटर, हे आकडे आता रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. पण ही मोठी वाहिनी शहराच्या वेशीपर्यंतची गोष्ट आहे. तिथून पुढे जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या, पेठापेठांतल्या जुन्या वितरण वाहिन्या आणि शेकडो व्हॉल्व्ह. धरण भरलेलं असतं आणि नळ कोरडा असतो, तेव्हा माग बंद पडलेला असतो तो या मधल्या टप्प्यात. नेमका हाच टप्पा कुणी सभेत मांडत नाही, कारण त्यात उद्घाटनाचा नारळ फोडण्यासारखं काही नसतं.

आमच्या घरी स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. पाणी आलं की सौ. त्या तारखेवर ‘पा’ लिहिते, बाजूला वेळ. हे काही आंदोलन नाही, कपडे कधी भिजवायचे आणि पाहुण्यांना कधी बोलवायचं यासाठीची सोय आहे. पूर्व भागात जवळजवळ प्रत्येक घरात असं कॅलेंडर सापडेल. जुन्या कॅलेंडरांवर ‘पा’ आणि ‘पा’ यांच्यामध्ये कधी तीन मोकळ्या चौकटी आहेत, कधी चार, कधी त्याहून जास्त. आणि पाणी कधी येणार हे आम्ही कुणाला विचारतो? चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला. तो सायकलवरून जाताना ओरडतो, “काका, आज न्हाई, उद्या पाचला येतंय बघा.” त्याचं बहुतेक खरं होतं. साहेब, अख्ख्या व्यवस्थेत सगळ्यात खरा अहवाल देणारा माणूस तो आहे, आणि त्याचा अहवाल सभेपर्यंत पोचत नाही.

म्हणून पहिली मागणी अशी. दर महिन्याच्या सभेपुढे पाण्याचा एकच कागद ठेवा. तिन्ही ठिकाणांहून किती पाणी उचललं, टाक्यांत किती पोचलं, आणि प्रत्येक टाकीखालच्या वस्तीला महिन्यात किती वेळा, किती तास पाणी दिलं. त्यापुढे ‘बंद’. पंप किती तास बंद, कशामुळे. वाहिनी कुठे फुटली, किती तासांत जोडली. एखाद्या वस्तीची पाळी चुकली तर का चुकली. हे सगळं पंपावरच्या आणि व्हॉल्व्हवरच्या माणसांच्या वह्यांत आधीपासून असतं. नवीन ॲप काढायची गरज नाही. (ॲप काढूच नका, कृपा करा. आमच्या फोनमध्ये जागा नाही.)

हद्दवाढीच्या भागाचा कागद वेगळा काढा. ५ मे १९९२ रोजी भोवतालची गावं शहरात घेतली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एका दिवसात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. तेव्हा जन्मलेली मुलं आता चौतिशीची आहेत, आणि तरी आपण त्या भागाला ‘हद्दवाढ’च म्हणतो, जणू काल आलेले भाडेकरू. सरासरी काढली की पेठांचं पाणी आणि हद्दवाढीचा टँकर एकमेकांत मिसळतात आणि आकडा बरा दिसतो. सरासरीने आम्ही कारखान्यातही मालकांना फसवू शकलो असतो. एक माग दुप्पट चालला, एक बंद राहिला, सरासरी उत्तम.

पैशांचं थोडक्यात सांगतो. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तीही गेली, १ जुलै २०१७ पासून जीएसटीच्या अनुदानाकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली, हे आम्हाला कळतं. महापालिकेकडे पैसा कमी आहे हे ऐकून कुणी रागावत नाही. पण घरपट्टी थकली की आमच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते, महिना मोजून. मग तुमच्याकडून उशिरा झालेल्या कामाचाही महिना मोजला जावा. ठेकेदाराला कामाचा आदेश कधी दिला, मुदत कधीची होती, मुदतवाढ किती वेळा दिली, दंड लावला की माफ केला. तातडीच्या कामासाठी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) चा अधिकार आपल्याला आहे, आणि तो हवाच, पाऊस निविदेसाठी थांबत नाही. पण तो वापरल्यावर कारणं आणि खर्च स्थायी समितीला आणि सभेला लगेच कळवायचा, असं त्याच कलमात लिहिलं आहे. ही यादी दर महिन्याला वाचून दाखवली तर तातडी खरी किती आणि केलेली किती, ते आपोआप कळेल.

स्मार्ट सिटीचाही एक हिशेब राहून गेला आहे. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं तेव्हा पेढे वाटले गेले. कामं वेगळ्या कंपनीमार्फत झाली, सभागृहाला बातम्या वर्तमानपत्रांतून कळायच्या. केंद्राची ती योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. आता त्यातून उभं राहिलेलं काय काय महापालिकेच्या ताब्यात आलं, ते सांभाळायला वर्षाला किती लागणार, आणि त्यातलं काय आज चालू नाही, हे एकदा सांगा. एकदाच पुरे.

दाखले, नोंदी, परवाने यांबद्दल फार लिहीत नाही. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्येच आला. कुठली सेवा किती दिवसांत, जबाबदार अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हा फलक लावायचा आहे. कारण नसताना उशीर केला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. मागे एका कार्यालयात (कुठलं ते सांगत नाही, हे पत्र तक्रारीचं नाही) मी खिडकीवरच्या मुलीला विचारलं, या दाखल्याला किती दिवस? ती म्हणाली, “काका, फलकावरचे की खरे?” तिचा दोष नव्हता, तिने मला प्रामाणिक उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता. सभेपुढच्या कागदात हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी असावेत. फलकावरचे दिवस आणि खरे दिवस. दंड कुणाला झाला असेल तर तेही.

अहवाल सभेपुढे ठेवणं ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. शहराच्या पर्यावरणाचा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभेपुढे ठेवायचा असतो, वर्षाचा प्रशासन अहवालही काढायचा असतो. पण वर्षाने आलेला अहवाल म्हणजे श्राद्धाचं जेवण. कंबर तलावात जलपर्णी मार्चमध्ये पसरली असेल तर जुलैमध्ये ती वाचून काय करायचं? कारखान्यातलं रजिस्टर रोजचं होतं म्हणून मालकाला दुसऱ्या दिवशी सूत मागवता यायचं. आम्ही रोजचं मागत नाही. महिन्याचं द्या.

आणि ते सगळ्यांना कळेल असं द्या. ‘उपरोक्त’, ‘तद्नंतर’, ‘यथावकाश’ हे शब्द मराठी माणसालाही अडतात, मग ज्या घरात तेलुगू बोलतात, कानडी बोलतात, उर्दू बोलतात तिथे काय होत असेल? आठही विभागीय कार्यालयांच्या दारात मोठ्या अक्षरांत तो कागद लावावा, सोबत या तीन भाषांतही. निवडणुकीच्या पत्रकांना या भाषा बरोबर आठवतात.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर आपण म्हणाल हा म्हातारा एकतर्फी आहे. ‘बंद’चा रकाना भरणाऱ्या अधिकाऱ्यालाच सभेत उभा करून झोडपलं, तर पुढच्या महिन्यात तो रकाना पुन्हा ‘निरंक’ होणार. आमच्या मालकांनी बंद मागाचं कारण खरं सांगणाऱ्या जॉबरला कधी दंड केला नाही. लपवणाऱ्याला मात्र त्याच दिवशी घरी पाठवलं. सन्माननीय सदस्यांनी एवढं पाळलं, महापौरांपुढच्या राजदंडाशी झटापट न करता तो एक कागद शेवटपर्यंत वाचला, तर अर्धं काम झालं. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्या वेळच्या लोकांना इंग्रजाची भीती वाटली नाही, आपल्याला साध्या तक्त्याची वाटू नये.

सोबत मी एक कोरा तक्ता जोडला आहे. फुलस्केप कागद, हाताने आखलेला, पाच रकाने: सेवा, ठिकाण, ठरलेलं, झालेलं, आणि बंद व कारण. शेवटचा रकाना मी मुद्दाम सगळ्यांत रुंद ठेवला आहे, कारणाला जागा लागते. पुढच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून मी येईन. दोन पाने जरी भरून आलेली दिसली तरी चालेल.

आपला,
पूर्व भागातला एक निवृत्त हिशेबनीस

ता. क. : पत्र इथेच थांबवतो. चावीवाल्याने पाचची वेळ दिली होती, पावणेपाच झालेत आणि हौद अजून धुवायचा आहे.