ड्रायव्हरचा पगार कुठल्या खात्यात?

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर मी जरा फटकन बोलले. बाबा, तुम्ही "बरं, तुला सवड असेल तेव्हा बोलू" म्हणत फोन ठेवलात तेव्हाच कळलं की तुम्हाला लागलंय. मागून आईचा आवाज येतच होता, "अहो, तिला त्या मुलीचा फोटो पाठवा की." म्हणून आज पत्र लिहितेय. फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही.

आजीची ठेव मोकळी झाली आहे आणि ती तिच्या नावाने एखाद्या चांगल्या संस्थेला द्यायची, यावर आपला वाद नाही. गाडी अडलीय ती 'चांगली' या शब्दापाशी. बाबांच्या मते चांगली संस्था म्हणजे जिच्या अहवालात प्रशासकीय खर्च फक्त चार टक्के आहे. आईच्या मते जिच्या देणगी मागणाऱ्या पाकिटातून पिवळ्या फ्रॉकमधल्या त्या मुलीचा फोटो आला ती. मी दोन्हींना नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. चूक माझीच. आता सांगते.

बाबा, आधी तुमचे चार टक्के.

माझी पहिली नोकरी आठवते ना, त्या संस्थेच्या हिशेबखात्यातली? तिथली एक संध्याकाळ मी तुम्हाला कधी सांगितली नाही. वर्षअखेरीचे हिशेब चालले होते. साहेब टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ऑफिसखर्च चौदा टक्के दिसतोय. देणगीदार विचारतील. बघ जरा काय करता येतं ते." संस्थेकडे एक जीप होती. आठवड्यातले दोन दिवस ती प्रकल्पावर जायची, उरलेले चार दिवस सचिवांना बैठकांना न्यायची-आणायची. ड्रायव्हरचा पूर्ण पगार मी 'कार्यक्रम खर्चा'त टाकला. डिझेलही. मग माझा स्वतःचा अर्धा पगार 'प्रशिक्षण प्रकल्पा'त टाकला, कारण वर्षातून एकदा मी तिथे व्हाउचर मोजायला गेले होते! दिवेलागणीपर्यंत चौदाचे सहा झाले. एक पैसा कुणी खाल्ला नव्हता. ऑडिटरने सही केली. अहवालाच्या पहिल्या पानावर 'शंभरातले चौऱ्याण्णव थेट गरजूंपर्यंत' असं ठळक अक्षरात छापून आलं. ते वाक्यही मीच लिहिलं होतं.

तुम्ही जन्मभर हिशेब तपासलेत, वर्गीकरणाची जादू तुम्हाला मी काय सांगणार. या क्षेत्रात तिच्या आणखी तऱ्हा आहेत. देणगी मागायच्या पत्रात 'हात स्वच्छ धुवा' अशी एक ओळ घातली की त्या टपालखर्चाचा काही भाग जनजागृतीत टाकता येतो. देणगीत औषधं आली की त्यांची किंमत चढी लावायची आणि ती वाटली की तेवढाच चढा आकडा सेवाखर्चात धरायचा. एकूण खर्च फुगतो, ऑफिसखर्चाची टक्केवारी आपोआप खाली येते. आणि ज्यांचे चार टक्के अगदी खरे असतात त्यांची मला जास्त काळजी वाटते. तिथे हिशेबनिसाला पगार नसतो, कामाची तपासणी करायला माणूस नसतो, आणि पैसे कुठे गेले हे विचारलं तर सांगणारंही कुणी नसतं. २०१३मध्ये अमेरिकेत गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना एक जाहीर पत्र लिहिलं. निव्वळ या टक्केवारीवरून संस्था जोखू नका, असं त्यात होतं. धर्मादाय संस्थांची माहिती आणि मानांकनं देणं हेच या तिघांचं काम.

म्हणजे आकडे बघायचेच नाहीत असं नाही. देणगी गोळा करणाऱ्या एजन्सीच निम्म्याहून जास्त रक्कम नेत असतील तर तिथे पाऊलच टाकू नये. पण तुमची नजर मला दुसरीकडे हवी आहे. ताळेबंदाच्या मागच्या टिपा वाचा. विश्वस्तांच्याच घरच्या इमारतीला संस्था भाडं देते का? एका कामासाठी आलेला निधी तीन वर्षं तसाच पडून आहे का? काहीच आलं नाही तर संस्था किती महिने तग धरेल? दोन महिने की बारा वर्षं? दोन्ही वाईटच. हे तुम्ही अर्ध्या तासात काढाल, मला दोन दिवस लागतील.

आता आई.

तू म्हणालीस, "त्यांनी पेन पाठवलं, मग आपण काही द्यायला नको?" आई, ते पेन याच विचारासाठी पाठवलेलं असतं गं. मागच्या वेळी आले तेव्हा तुझ्या कपाटातला खण उघडला तर तीन पेनं, शुभेच्छापत्रांचा गठ्ठा आणि आठ वेगवेगळ्या संस्थांची पाकिटं निघाली. त्यातल्या एकीला तू कधीतरी देणगी दिली होतीस. बाकीच्या सातजणींना तुझा पत्ता कुठून मिळाला? देणगीदारांच्या याद्यांची अदलाबदल होते, त्या भाड्यानेही दिल्या जातात. तुझा चांगुलपणा यादीतून यादीत फिरतोय.

आणि ती मुलगी. तुझं मन हललं त्याला मी हसत नाहीये. २००७मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना पाच डॉलर देऊन विचारलं, यातले किती दान द्याल? काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या एका मुलीची माहिती आणि फोटो दिला, काहींना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांचे आकडे. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकड्यांसाठी १.१४. गंमत पुढे आहे. तिसऱ्या गटाला मुलगीही दाखवली आणि आकडेही, तर १.४३च निघाले. एकीच्या शेजारी लाखो उभे राहिले आणि हात आखडला! देणगी मागणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे फोटो कुणीही छापतं. काम चोख करणाराही छापतो आणि न करणाराही. त्या फ्रॉकवरून एवढंच कळतं की त्यांच्याकडे कॅमेरा आहे.

मग बघायचं काय? माझ्या मते एकच: आपले पैसे गेले म्हणून जे घडलं, ते एरवी घडलं असतं का? किती वह्या वाटल्या हे विचारू नये, मूल वाचायला शिकलं का ते विचारावं. झाडं किती लावली यापेक्षा तीन वर्षांनी किती उभी आहेत ते महत्त्वाचं. चांगल्या मनाच्या माणसांचाही इथे कसा पचका होतो बघा. दक्षिण आफ्रिकेतून 'प्लेपंप' नावाची एक कल्पना निघाली. मुलं गोल चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी वर चढेल. २००६मध्ये अमेरिकेत त्यासाठी मोठा निधी जाहीर झाला, २०१०पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. मग 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल एवढं पाणी काढायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. मुलं कंटाळून निघून जायची आणि बाया ते जड चक्र ढकलत बसायच्या. साध्या हातपंपाला याहून कमी पैसे लागतात. फोटो मात्र काय सुंदर यायचे.

आणि बाबा, तुमचं ते ठरलेलं वाक्य, "फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही." मलाही पटायचं. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपास या अर्थतज्ज्ञांनी केनियात गरोदर बायकांसोबत ते तपासून पाहिलं. मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या काही दवाखान्यांत फुकट दिल्या, काहींत थोड्या पैशांत. फुकटऐवजी ०.६० डॉलर घेतले तर ती घेणाऱ्या बायकांचं प्रमाण शंभरात साठने घटलं. आणि ज्यांना फुकट मिळाली त्यांनी ती कोपऱ्यात टाकली का? नाही, विकत घेणाऱ्यांइतकीच वापरली. २०१०मध्ये हा निबंध छापून आला. तुमचं वाक्य सगळीकडेच खोटं आहे असं नाही म्हणत मी. पण तपासल्याशिवाय ते कुठल्या संस्थेलाही लावू नये आणि कुणा माणसालाही.

अमेरिकेतली गिव्हवेल नावाची संस्था देणगीने खरंच काय घडतं हे तपासायचंच काम करते. २००७मध्ये नोकरदार तरुणांनी ती सुरू केली. देणगी कुठे द्यावी म्हणून त्यांनी संस्थांना प्रश्न विचारले तर घरी रंगीत माहितीपत्रकं आली, तिथून सगळं सुरू झालं. आज ते बोटांवर मोजण्याइतक्याच संस्थांची शिफारस करतात: मलेरियाच्या जाळ्या, मलेरियाची औषधं, अ जीवनसत्त्व, लसीकरण. मला त्यांची आवडलेली गोष्ट निराळीच आहे. त्यांच्याकडे 'आमच्या चुका' अशी एक यादी आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी ओळख लपवून स्वतःच्याच संस्थेची जाहिरात केली होती, तेही त्यात लिहून ठेवलंय. कॅनडातली एक अभियंत्यांची संस्था, एंजिनियर्स विदाउट बॉर्डर्स, तर २००८पासून अनेक वर्षं आपल्या अपयशांचा वेगळा अहवालच काढत होती. आणि डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर साधारण आठवड्याभरातच मेदसाँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेने लोकांना सांगितलं की या कामापुरते पैसे जमले, आता त्सुनामीसाठी पाठवू नका. आलेले जास्तीचे पैसे दुसरीकडे वापरायला त्यांनी देणगीदारांची परवानगी मागितली. 'पुरे' म्हणणारी संस्था मी माझ्या नोकरीत एकही पाहिली नाही.

पण हे मोजमापही सगळीकडे लागू पडत नाही. आजीच्या शेवटच्या दोन महिन्यांत घरी येणाऱ्या त्या परिचारिकेचं काम कुठल्या तराजूत घालायचं? वाचलेले जीव शून्य. तरीही रात्री दोनला फोन केला तेव्हा ती आली होती, आणि त्यानंतर आजी सहा तास झोपली होती. तिथे मी विचारीन की बोलावलं तेव्हा कुणी आलं का, दुखणं कमी झालं का, आणि याची नोंद कुणी ठेवतं का. एवढं पुरे.

तर मी काय केलं ते सांगते. बाबांच्या आणि आईच्या, दोन्ही संस्थांना पत्र लिहिलं. माझ्या मैत्रिणीने सुचवलेली तिसरी एक लहान संस्था आहे, मुलांना वाचायला शिकवणारी, तिलाही लिहिलं. विचारलं इतकंच: मागच्या तीन वर्षांत तुमचं काय फसलं, ते तुम्हाला कसं कळलं, आणि मग तुम्ही काय बदललंत? बाबांच्या संस्थेकडून तोच गुळगुळीत अहवाल पुन्हा आला. आईच्या संस्थेकडून उत्तर नाही, पण पेन आलं. (आता चार झाली.) तिसऱ्या संस्थेतल्या बाईंनी हाताने दोन पानं लिहिली. वर्ग संध्याकाळी भरायचे आणि मुलं पेंगायची, हे त्यांना दुसऱ्या वर्षी चाचण्यांचे निकाल लावून पाहिले तेव्हा कळलं. मग वेळ बदलली. काही केंद्रं तरीही सुधारली नाहीत, ती बंद केली. सोबत चाचण्यांचे तक्ते होते, नापास झालेल्या केंद्रांचेही. त्यांचा ऑफिसखर्च बाबांना आवडणार नाही. एकोणीस टक्के आहे.

मलाही एक शंका आहेच. जी मुलं त्यांच्याकडे येत नाहीत त्यांच्याशी त्या तुलना करत नाहीत. शाळेत जाऊन ही मुलं एरवीही तेवढीच शिकली असती की काय, हे त्यांच्या तक्त्यांवरून कळत नाही. बाबा, हा प्रश्न तुम्ही विचाराल का? मी विचारला तर परीक्षा घेतल्यासारखं वाटेल, तुम्ही विचारलात तर त्यांना आधार वाटेल. त्यांचा तीन वर्षांचा ताळेबंद सोबत जोडलाय. टीप क्रमांक सात जरा नीट बघा, गाडी-भत्त्याचा आकडा मला कळलेला नाही. माझ्या अनुभवाने मी ड्रायव्हरचा पगार आधी शोधते, इथे तो ऑफिसखर्चातच सापडला.

आई, तू त्या बाईंना एक फोन कर. हिशेबाचं काही विचारू नकोस, वर्गात येणाऱ्या एखाद्या मुलाबद्दल विचार. त्या मुलाचं अडतं कुठे हे त्यांना सांगता आलं तर मला कळव. आणि पटलं तरी सगळी रक्कम एकदम देऊ नका. यंदा तिसरा हिस्सा देऊ, वर्षाने तक्ते मागवू, मग पुढचं ठरवू. परिचारिकांच्या त्या संस्थेला आजीच्या नावाने काहीतरी द्यावं असं माझ्या मनात आहे, ते मात्र तुम्ही दोघांनी बोलून ठरवा.

पाकीटवाल्यांचा फोन आलाच तर "आम्ही वर्षातून एकदाच ठरवतो, आमचं नाव यादीतून काढा" एवढं म्हण आणि ठेव. पेनं वापर खुशाल. निळं मला हवंय.

तुमची,
लेक